बेसच्या तारा बदलण्यापासून इंटोनेशनपर्यंत: आधी काय, नंतर काय

तारांचा नवा सेट चढवला आणि बेस गिटार आधीपेक्षा वाईट वाजायला लागली, ही तक्रार हौशी बेसिस्टकडून सारखी ऐकू येते. कुणाची ई तार खालच्या फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या पट्टीवर) किरकिरते, कुणाचा बारावा फ्रेट ट्यूनरवर चढा दिसतो, कुणाला ए तार मेल्यासारखी वाटते. मग दोष तारांच्या कंपनीवर जातो, नाहीतर स्वतःच्या बोटांवर. बहुतेक वेळा दोन्ही निर्दोष असतात. कामं उलटसुलट क्रमाने केलेली असतात, एवढंच.

क्रम असा: तारा, मग नेकचा (दांड्याचा) बाक, मग तारांची उंची, मग इंटोनेशन (फ्रेटवर दाबलेला सूरही अचूक लागणं), शेवटी पिकअप (तारांचा कंप पकडणारे चुंबक). यातलं प्रत्येक काम पुढच्याचं माप बदलतं. नेक हलला की उंची बदलते. उंची बदलली की फ्रेटवर दाबताना तार किती ताणली जाते ते बदलतं, म्हणजे इंटोनेशनही बदलतं. त्यामुळे इंटोनेशन आधी करून मग ट्रस रॉडला (नेकच्या आतली, बाक ठरवणारी धातूची सळई) हात लावणं म्हणजे रंग देऊन झाल्यावर पुट्टी भरणं.

खालची मापं चार तारांच्या, ३४ इंच स्केलच्या (तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी), बोल्ट-ऑन (बॉडीला स्क्रूने जोडलेल्या) नेकच्या साध्या बेससाठी आहेत. पाच तारांच्या बेसलाही हाच क्रम लागतो, फक्त बी तार थोडी जास्त उंच ठेवावी लागते.

## १. हात लावण्याआधी: मोजा आणि लिहून ठेवा

जुन्या तारा चढलेल्या असतानाच बेस नीट ट्यून करा आणि तीन गोष्टी लिहून घ्या: आत्ताच्या तारांची जाडी, सतराव्या फ्रेटवर ई आणि जी तारेची उंची, आणि सॅडल (ब्रिजवर प्रत्येक तार जिच्यावर टेकते ती सरकणारी पट्टी) कुठे आहेत त्याचा ब्रिजच्या वरून काढलेला फोटो. पुढे काही बिघडलं तर परत यायची जागा हीच. हा टप्पा जवळपास सगळे गाळतात.

लागणारं सामान: वायर कटर, ॲलन कीचा संच (मिलीमीटर आणि इंच, दोन्ही), स्क्रू ड्रायव्हर, मिलीमीटरची स्टीलची पट्टी, कॅपो (फ्रेटवर तारा दाबून धरणारा चिमटा), फीलर गेज (बारीक फट मोजायची पातळ पानं), ट्यूनर, सुती फडकं. फीलर गेज दुचाकीच्या टॅपेटसाठी वापरतात तेच, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड चालेल, ते साधारण ०.३ ते ०.४ मिलीमीटर भरतं.

सावधान: ॲलन कीच्या बाबतीत ‘बसतेय ना, मग चालेल’ असं करू नका. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिलीमीटर. त्या खाचेत ५ ची चावी जात नाही, आणि ४.५ ची जाते पण सैल फिरते. सैल चावीने ट्रस रॉडच्या नटचे कोपरे एकदा झिजले की ती दुरुस्ती घरी होत नाही.

## २. तारा निवडताना

पाकिटावरचे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात. ४५-६५-८५-१०५ म्हणजे जी तार ०.०४५ इंच आणि ई तार ०.१०५ इंच. हा सर्वांत प्रचलित सेट. त्याखालोखाल ४५-६५-८०-१००, जो बोटांना थोडा हलका लागतो. शिकणाऱ्याने पहिल्या वर्षात बेसवर आधीपासून ज्या जाडीच्या तारा आहेत त्याच जाडीचा सेट घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. जाडी बदलली की ताण बदलतो, ताण बदलला की नेक हलतो, आणि नटच्या (नेकच्या वरच्या टोकाशी तारा जिच्यातून जातात ती पट्टी; ट्रस रॉडचा नट वेगळा) खाचाही त्या मापाच्या असाव्या लागतात. १०० च्या खाचेत ११० ची तार बसवली तर ती वरच अडकून राहते आणि मोकळी वाजवताना उंच, बेसूर लागते.

राउंडवाउंड की फ्लॅटवाउंड हा प्रश्न मग येतो. राउंडवाउंडचा आवाज उघडा, खणखणीत. निकेलच्या तारा बोटांना जरा मऊ, स्टीलच्या जास्त खरखरीत आणि तेजस्वी. फ्लॅटवाउंडवर गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळलेली असते. आवाज बसका, गोल, बोट सरकताना सूंऽऽ असा आवाज जवळजवळ नाहीच. मोटाउन या अमेरिकी कंपनीच्या रेकॉर्डिंगवर वाजवणारा जेम्स जेमर्सन त्याच्या प्रिसिजन बेसवर जाड फ्लॅटवाउंड वापरायचा आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही, हे बेसवाल्यांत सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते ऐकून राउंडवाउंडही वर्षानुवर्षं चढवून ठेवू नका. गुंडाळीच्या खाचांत घाम आणि मळ बसतो, आणि तार सगळीकडे सारखी जड राहत नाही. अशी तार सुरात लावताच येत नाही.

तपासा: पाकिटावर स्केल वाचा. लाँग स्केलचा सेट ३४ इंचासाठी असतो, शॉर्ट स्केल साधारण ३० इंचासाठी. लाँग स्केलचा सेट ३० इंचाच्या बेसवर लावला तर तारेचा जाड भागच खुंटीवर गुंडाळावा लागतो आणि तो तिथे नीट वळत नाही. तारा बॉडीच्या मागून ओवायच्या असतील तर जास्तीची लांबीही धरा. फ्लॅटवाउंड बॉडीतून ओवू नयेत. तिथल्या तीव्र वळणावर वरची पट्टी उकलते.

## ३. जुन्या तारा काढणे

आधी खुंट्या फिरवून तारा पूर्ण ढिल्या करा. ताणलेली तार कटरने कधीच तोडायची नाही. बेसच्या चार तारांचा मिळून ताण सुमारे ८० किलोपर्यंत जातो, तुटलेलं टोक कुठे उडेल याचा नेम नसतो.

बोल्ट-ऑन नेकच्या बेसवरून चारही तारा एकदम काढल्या तर काही होत नाही. अपवाद पोकळ बॉडीच्या, व्हायोलिनच्या आकाराच्या बेसचा. त्यांचा ब्रिज अनेकदा फक्त तारांच्या दाबाने उभा असतो. तिथे एकेक तार बदला, नाहीतर ब्रिज नेमका कुठे होता ते शोधत बसावं लागेल.

जुना सेट गुंडाळून पाकिटात ठेवा. का, ते शेवटी.

## ४. साफसफाई: कमी करा

मेपलच्या, लॅकर मारलेल्या फ्रेटबोर्डला किंचित ओलसर फडकं पुरे. रोजवुडसारख्या उघड्या लाकडाला फ्रेटबोर्डसाठी मिळणाऱ्या तेलाचे दोन-चार थेंब फडक्यावर घेऊन लावा आणि लगेच पुसून काढा. घरात खोबरेल आहेच म्हणून ते लावण्याचा मोह होतो, लावू नका. ते लाकडात राहून खवट होतं आणि त्यावर धूळ चिकटते.

फ्रेट काळवंडले असतील तर दोन्ही बाजूंच्या लाकडावर मास्किंग टेप लावून मगच घासा. स्टील वूल वापरणार असाल तर पिकअपही झाका. त्याचा लोखंडी भुगा चुंबकाला चिकटला की निघता निघत नाही.

## ५. नवी तार बसवणे

सगळ्यात जास्त गडबड इथेच होते, म्हणून हा टप्पा सावकाश करा.

तार वेटोळ्यातून सोडल्यावर तिला हवेत मोकळी लटकू द्या, म्हणजे तिचा पीळ आपोआप सुटेल. पीळ तसाच ठेवून बसवलेली तार लावल्या दिवसापासूनच मेलेली वाजते. बॉल एंड (तारेच्या टोकाचा धातूचा गोल तुकडा) ब्रिजमध्ये नीट टेकलाय याची खात्री करा आणि तार सॅडलच्या खाचेतून सरळ नटपर्यंत आणा.

आता लांबी. तार आपल्या खुंटीच्याही पुढे किती ठेवायची? साधारण १० ते १२ सेंटीमीटर. जिथे कापायची त्याच्या अलीकडे पकडीने तार काटकोनात वाकवा आणि मग वाकलेल्या भागाच्या पुढे कापा. न वाकवता सरळ कापली तर वरची गुंडाळी आतल्या गाभ्यावरून सैल होऊ शकते, आणि तो सैलपणा आवाजात उतरतो. तारेच्या टोकाकडे रंगीत रेशमी धागा गुंडाळलेला असतो. कापण्याची जागा त्या भागात यायला हवी, आणि तो भाग नटच्या पलीकडेच राहायला हवा.

बहुतेक बेसच्या खुंटीच्या मधोमध एक भोक आणि वर फट असते. वाकवलेलं टोक भोकात पार तळापर्यंत घाला, तार फटीतून बाहेर काढा, आणि एका हाताने तार ओढून धरत दुसऱ्या हाताने खुंटी फिरवा. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या खाली जायला हवा. दोन ते तीन वेढे बास. एकावर एक चढलेले वेढे सुटत राहतात आणि बेस उतरत राहतो.

ए तारेकडे खास लक्ष द्या. चारही खुंट्या एका बाजूला असलेल्या हेडस्टॉकवर डी आणि जी तारा दाबून धरणारी छोटी पट्टी असते, ए ला ती अनेकदा नसते. तिचे वेढे कमी पडले तर ती नटवरून पुरेशी खाली जात नाही आणि मोकळी वाजवल्यावर सतारीसारखी झिणझिणते. लोक ट्रस रॉड फिरवत बसतात आणि दोष असतो एका वेढ्याचा.

तपासा: चारही तारा सुरात आणा. मग प्रत्येक तार नटच्या अगदी पुढे आणि सॅडलच्या अगदी पुढे अंगठ्याने हलकेच खाली दाबा. नवी जाड तार सॅडलवरून कमानीसारखी उठते. ती कमान बसली नाही तर तारेचा कंप नेमका कुठून सुरू होतो तेच ठरत नाही, आणि इंटोनेशन जुळत नाही ते नाहीच. हलकेच म्हणजे हलकेच, तारेला घडी पडू देऊ नका.

यानंतर बेस रात्रभर तसाच ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्यून करून पुढे जा. ‘आजच सगळं उरकतो’ म्हणणाऱ्याला ही सगळी मापं दोन दिवसांनी पुन्हा घ्यावी लागतात.

## ६. नेकचा बाक

पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. नेक जिथे बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर ई तार बोटाने दाबा. आता तीच तार सरळ पट्टीसारखी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटचा माथा यांच्यातली फट बघा. ०.३ मिलीमीटरच्या आसपास हवी. फीलर गेजचं ०.३ चं पान तारेला न उचलता आत सरकलं की झालं. गेज नसेल तर तार तिथे बोटाने टिचकी देऊन बघा: बारीकसा ‘टिक’ ऐकू आला आणि तार किंचित हलली, तर फट आहे. काहीच हललं नाही तर नेक सपाट आहे किंवा मागे वाकलाय.

फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने, म्हणजे घट्ट. फट नसेल तर उलट, म्हणजे सैल. चावी लावताना ट्रस रॉडच्या नटकडे समोरून बघून दिशा ठरवा.

एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. घट्ट करायचा असेल तर आधी तारा थोड्या उतरवा, फिरवा, परत पूर्ण सुरात लावा, मग मोजा. सैल तारांवर घेतलेलं माप निरुपयोगी असतं.

थांबा: नट फिरत नसेल, कुरकुरत असेल किंवा फिरून फिरून फटीत काहीच फरक पडत नसेल, तर जोर लावू नका. इथून पुढे जाणकार कारागिराचं काम. नट नेकच्या टाचेकडे असून त्यासाठी नेकच उतरवावा लागत असेल तर पहिल्यांदा तरी दुसऱ्याकडून करून घ्या आणि शेजारी बसून बघा.

मुंबई, कोकण, गोवा इथे राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता वाढली की लाकूड हलतंच. कोणत्या बाजूला आणि किती, ते प्रत्येक नेकचं वेगळं. जूनमध्ये अचानक बझ (तार फ्रेटला लागून होणारी किरकिर) सुरू झाला तर आधी हे माप घ्या, सॅडलना हात लावू नका. बेस बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, आणि एसीच्या झोताखाली तर मुळीच नाही.

## ७. तारांची उंची

कॅपो पहिल्या फ्रेटवरच राहू द्या. सतराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. ई साठी साधारण २.४ मिलीमीटर आणि जी साठी २ मिलीमीटर ही सुरुवात चांगली. मधल्या दोन तारा फ्रेटबोर्डच्या गोलाईप्रमाणे यांच्यामध्ये येतील. सॅडलचे दोन्ही स्क्रू सारखे फिरवा, सॅडल एका बाजूला कलता कामा नये. प्रत्येक बदलानंतर पुन्हा ट्यून करा.

शिकणाऱ्यांनी इथे जरा रेंगाळावं. कित्येक नवे बेस दुकानातून चार मिलीमीटर उंचीने बाहेर पडतात. त्यावर सराव करणारा ‘माझ्या करंगळीत ताकद नाही’ म्हणून महिनोन्‌महिने व्यायाम करतो. उलट, यूट्यूब बघून तारा फ्रेटला टेकतील इतक्या खाली आणणारेही आहेत. जोरात वाजवणाऱ्याला उंची थोडी जास्तच लागते, त्यात कमीपणा नाही.

बझ कुठे येतो त्यावरून कारण ओळखता येतं:

- मोकळी तार आणि पहिले चार-पाच फ्रेट: नेक फार सपाट किंवा मागे वाकलेला. टप्पा ६ कडे परत.
- फक्त मोकळी तार, बाकी सगळं स्वच्छ: नटची खाच खोल झाली आहे.
- बाराव्या फ्रेटच्या पुढे: सॅडल खाली आहेत किंवा बाक जास्त आहे.
- एखाद्याच जागी: त्याच्या पुढचा फ्रेट वर आलाय. हे सेटअपने जात नाही, फ्रेटचं काम करावं लागतं.

आणि बझ ॲम्पमधून ऐकू येतोय का, ते बघा. बेस नुसता मांडीवर घेऊन वाजवला की थोडी किरकिर येणारच. ॲम्पमध्ये ती येत नसेल तर सोडून द्या.

## ८. इंटोनेशन

आता, आणि आताच. बेस टेबलावर आडवा ठेवून नाही, तर वाजवताना धरता तसा मांडीवर किंवा पट्ट्यावर धरून.

बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक वाजवा, ट्यूनरवर सूर अचूक लावा. मग बारावा फ्रेट नेहमीच्या जोराने दाबून तोच सूर वाजवा आणि काटा बघा.

दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल नटपासून लांब न्या. उतरलेला असेल तर नटच्या जवळ आणा. सॅडल सरकवण्याआधी तार सैल करा, नाहीतर स्क्रूचे आटे जातात. पुन्हा ट्यून, पुन्हा तपासणी, दोन्ही सूर जुळेपर्यंत.

ई तारेचा मोकळा सूर ४१.२ हर्ट्झ आहे. इतक्या खालच्या सुरावर क्लिपचे स्वस्त ट्यूनर गोंधळतात, काटा नाचत राहतो. बेस केबलने पेडल ट्यूनरला किंवा ऑडिओ इंटरफेसला जोडा, टोनचा नॉब बंद करा आणि तार हळू वाजवा. ट्यून करताना नेहमी खालून वर चढत या. वर गेलात तर थेट उतरवून थांबू नका; सुराच्या खाली जाऊन पुन्हा चढा.

तपासा: शेवटी सॅडल तिरक्या रेषेत दिसतात. जी चं सॅडल नटच्या सर्वांत जवळ, ई चं सर्वांत लांब. ३४ इंचाच्या बेसवर नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर १७ इंच, म्हणजे ४३१.८ मिलीमीटर असतं. जी चं सॅडल बाराव्या फ्रेटपासून तेवढ्याच किंवा किंचित जास्त अंतरावर असेल. एखादं सॅडल ही रेषा सोडून भलतीकडेच गेलं असेल तर ती तार पिळलेली किंवा सदोष आहे, ब्रिज नाही.

## ९. पिकअप

प्रत्येक तार शेवटच्या फ्रेटवर दाबून पिकअपच्या माथ्यापासूनची फट मोजा. ई कडे २.८ आणि जी कडे २ मिलीमीटरपासून सुरुवात करा. फार वर आणलं तर चुंबक तारेलाच ओढतो, सूर डगमगतो. एखादी तार बाकीच्यांपेक्षा हळू ऐकू येत असेल तर तेवढी बाजू स्क्रूने वर घ्या. हा भाग कानाने करायचा, पट्टी फक्त सुरुवातीपुरती.

ॲक्टिव्ह बेस (आत छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला) असेल तर त्यात ९ व्होल्टची बॅटरी असते, आणि बहुतेकांत केबल जॅकमध्ये असेपर्यंत ती खर्च होत राहते. वाजवून झालं की केबल काढा. आवाज फाटका यायला लागला की पिकअप उघडण्याआधी बॅटरी बदलून पाहा.

## १०. वाजवून खात्री

मेट्रोनोम ६० वर ठेवा. प्रत्येक तारेवर पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत एकेक सूर, तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने, आधी हळू हाताने आणि मग तुमच्या नेहमीच्या जोराने. हे रेकॉर्ड करा, पण फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यावर ई तारेचा मूळ सूर येतच नाही, फक्त वरचे हार्मोनिक येतात. हेडफोन लावा. नव्या राउंडवाउंडचा खणखणाट पहिले काही दिवस जरा जास्तच वाटेल आणि बोटांचे ओरखडेही ऐकू येतील. त्याला घाबरून टोन पूर्ण बंद करून वाजवू नका. ज्या तारा वाजवत नाही आहात त्या अंगठ्याने आणि डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांनी झाकायची सवय याच दिवसांत लागते.

वाजवून झाल्यावर सुक्या फडक्याने तारा वरून आणि खालून पुसा. तारा टिकवण्याचा यापेक्षा स्वस्त उपाय नाही. मळलेल्या राउंडवाउंड उकळून पुन्हा वापरायची जुनी युक्ती चालते, पण ती चमक थोडेच दिवस राहते आणि ओलावा आत राहिला तर गंज धरतो. त्यापेक्षा काढलेल्या तारा डिनेचर्ड स्पिरिटमध्ये रात्रभर बुडवून पूर्ण वाळवाव्यात. खिडकी उघडी ठेवा, जवळपास गॅस पेटवू नका.

जुना सेट पाकिटात का ठेवायचा, ते आता. बेसचा सेट गिटारच्या सेटपेक्षा बराच महाग, आणि लहान शहरात सुटी ई तार सहसा मिळत नाही. गणपतीतल्या कार्यक्रमाच्या आदल्या रात्री तार तुटली तर त्याच जाडीची, आधीच योग्य मापाने कापलेली तार हाताशी असते, आणि तिच्यासाठी ट्रस रॉडला हात लावावा लागत नाही. पाकिटावर जाडी आणि काढल्याची तारीख पेनाने लिहून ते बेसच्या बॅगेतच ठेवा.